संपूर्ण देशाच्या आहारातील ड जीवनसत्त्व कसे मोजावे

एखाद्या देशातील लोकांना अन्नातून किती ड जीवनसत्त्व मिळते, हे काढण्याची रीत वरवर पाहता सोपी आहे. लोक काय आणि किती खातात हे विचारावे, प्रत्येक पदार्थातील प्रमाण अन्नघटक तक्त्यातून घ्यावे, गुणाकार करावा आणि बेरीज मांडावी. प्रथिने किंवा कर्बोदके यांच्या बाबतीत या रीतीने बऱ्यापैकी भरवशाचे उत्तर मिळते, कारण ती बहुतेक पदार्थांत असतात आणि एका नोंदीतील चूक इतर नोंदींत विरून जाते. ड जीवनसत्त्वाचे तसे नाही. ते निसर्गतः तेलकट मासे, माशांच्या यकृताचे तेल, अंड्याचा बलक, थोड्याफार प्रमाणात मांस व यकृत आणि अतिनील किरण मिळालेली अळिंबी एवढ्या मोजक्या पदार्थांत असते. धान्ये, डाळी, भाज्या आणि फळे यांत ते नसल्यातच जमा असते. याखेरीज जे मिळते ते कारखान्यात मुद्दाम मिसळलेले असते, म्हणजे फोर्टिफाइड दूध, मार्गारीन, तेल किंवा शिशुआहार यांतून येते. त्यामुळे संपूर्ण देशाचा आकडा पाच-सहा पदार्थगटांच्या नोंदींवर उभा राहतो, आणि त्या नोंदी कशा हाताळल्या यावर उत्तर दुप्पट किंवा निम्मे होऊ शकते. सर्वेक्षणाचे काम करणारे, पोषणशास्त्राचे विद्यार्थी आणि अशा अहवालांवरून धोरण ठरवणारे यांनी या मोजक्या पदार्थांवर नजर कशी ठेवावी, हे पुढे सांगितले आहे.

आधी प्रश्न नेमका करावा

केवळ अन्नातून मिळणारे प्रमाण, अन्न आणि सप्लिमेंट मिळून होणारे प्रमाण आणि लोकांच्या शरीरातील ड जीवनसत्त्वाची स्थिती, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. अन्नाचा प्रश्न विचारायचा असला तरी सप्लिमेंटची माहिती गोळा करावीच, मात्र ती वेगळ्या रकान्यात ठेवावी. एकदा एकत्र झालेली बेरीज नंतर सोडवता येत नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहाराच्या सर्वेक्षणातून मिळत नाही, कारण पुरेसे ऊन मिळणाऱ्या माणसाच्या शरीरात हे जीवनसत्त्व मुख्यतः त्वचेतच तयार होते.

एककाचा निर्णयही याच वेळी करावा. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आंतरराष्ट्रीय एकके. अन्नघटक तक्ते बहुधा मायक्रोग्रॅममध्ये असतात, पाकिटांवरील आणि गोळ्यांच्या बाटल्यांवरील आकडे पुष्कळदा आंतरराष्ट्रीय एककांत असतात, आणि माहिती भरणाऱ्याने एकच ओळ न बदलता उतरवली तर तो पदार्थ चाळीस पट बलवान ठरतो. माहिती भरून झाल्यावर सर्व पदार्थ प्रमाणानुसार उतरत्या क्रमाने लावावेत आणि वरच्या पन्नास ओळी डोळ्यांखालून घालाव्यात. तिथे एखाद्या साध्या पदार्थापुढे शंभर ग्रॅमला शेकडो मायक्रोग्रॅम असा आकडा दिसला, तर सहसा एकक चुकलेले असते. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे आणि ते कधीही टाळू नये.

अन्नघटक तक्त्याची तपासणी

माझ्या मते सर्वाधिक वेळ इथे द्यावा. सर्वेक्षणाचा नमुना कितीही काळजीपूर्वक निवडला आणि तक्ता कच्चा राहिला, तर हजारो मुलाखतींचे श्रम त्या कच्च्या आकड्यांवर खर्ची पडतात.

पहिली बाब रिकाम्या जागांची. तक्त्यात एखाद्या पदार्थापुढे आकडा नसण्याचे दोन अर्थ होतात: त्या पदार्थात हे जीवनसत्त्व नाही, किंवा ते कोणी मोजलेलेच नाही. संगणकाला हा भेद कळत नाही. तो रिकामी जागा शून्य धरून पुढे जातो आणि सगळ्या देशाचे सेवन नकळत कमी दिसू लागते. म्हणून प्रत्येक रिकाम्या जागेवर निर्णय घ्यावा आणि तो लिहून ठेवावा. पालेभाजीपुढे शून्य मांडण्यास हरकत नाही. माशापुढे मात्र शून्य कधीही मांडू नये. त्याच जातीच्या किंवा तेलाचे प्रमाण जवळपास सारखे असलेल्या दुसऱ्या माशाचा आकडा घ्यावा आणि तो उसना असल्याची खूण करावी.

दुसरी बाब रासायनिक रूपांची. अन्नात हे जीवनसत्त्व डी३ आणि डी२ या रूपांत असते, परंतु अंडी आणि मांस यांत त्याचे २५-हायड्रॉक्सी रूपही, म्हणजे प्राण्याच्या शरीरात त्यापासून तयार होणारे पुढचे रूपही, आढळते. हे रूप तोंडावाटे घेतल्यावर रक्तातील पातळी अधिक जोराने वाढवते. ते किती पट बलवान मानावे यावर एकमत नाही. काही देशांच्या तक्त्यांत ते पाच पट धरले जाते, काहींत एक पट, आणि काहींत त्याची दखलच नसते. याचा परिणाम किती होतो ते एका उदाहरणावरून पाहावे. एखाद्या पदार्थाच्या शंभर ग्रॅममध्ये १ मायक्रोग्रॅम डी३ आणि ०.४ मायक्रोग्रॅम २५-हायड्रॉक्सी रूप आहे असे समजू. ते रूप सोडून दिले तर प्रमाण १ राहते, एक पट धरले तर १.४ होते आणि पाच पट धरले तर ३ होते. पदार्थ तोच, प्रयोगशाळेचे मोजमाप तेच, आणि उत्तर तिपटीने वेगळे. दोन देशांच्या अहवालांची तुलना करण्यापूर्वी दोघांनी कोणता गुणक वापरला हे शोधणे म्हणूनच आवश्यक ठरते. पुष्कळदा तो अहवालाच्या परिशिष्टात किंवा तक्त्याच्या प्रस्तावनेत दडलेला असतो.

तिसरी बाब पदार्थाच्या मुळाची. पाळीव सामन माशात ड जीवनसत्त्व किती असेल हे त्याच्या खाद्यावर अवलंबून असते आणि ते मुक्त समुद्रातील सामनपेक्षा पुष्कळदा कमी भरते. कोंबड्यांच्या खाद्यात हे जीवनसत्त्व वाढवले की अंड्यांतही वाढते. अंधारात वाढवलेल्या अळिंबीत ते नाममात्र असते, पण तीच अळिंबी अतिनील दिव्याखाली ठेवली तर तिच्यात डी२ मोठ्या प्रमाणात तयार होते. म्हणजे ‘मासा’, ‘अंडे’ किंवा ‘अळिंबी’ या नावांखाली एकच आकडा लिहिणे धोक्याचे आहे, आणि वीस वर्षांपूर्वी केलेले मोजमाप आजच्या अंड्याला लागू पडेलच असे नाही. देशात जे पदार्थ या जीवनसत्त्वाचा मोठा वाटा पुरवतात, त्यांचे तरी ताजे पृथक्करण करून घ्यावे. त्यासाठी निरनिराळ्या ठिकाणांहून आणि निरनिराळ्या ऋतूंत नमुने घेऊन ते एकत्र करावेत आणि ज्या प्रयोगशाळेत द्रव क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्री (घटक वेगळे करून अचूक मोजण्याची तंत्रे) यांची जोड आहे, तिथे ते तपासावेत. सगळ्या तक्त्याचे पृथक्करण परवडत नसेल तर वरच्या वीस पदार्थांचे करावे; सेवनाचा मोठा भाग त्यांत येतो.

फोर्टिफाइड पदार्थांसाठी लेबलवरील आकडा हा केवळ आरंभ समजावा. साठवणुकीत होणारी घट लक्षात घेऊन उत्पादक थोडे जास्त मिसळतात, तर कधी मिश्रण नीट होत नाही. १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दुधाच्या तपासणीत बहुतेक नमुन्यांतील प्रमाण लेबलवरील आकड्याशी जुळले नव्हते. काहींत ते बरेच जास्त होते आणि काहींत फारच कमी. शक्य असेल तिथे बाजारातील नमुन्यांची तपासणी करून त्याची सरासरी वापरावी.

शिजवण्याने होणारी घट त्या मानाने मर्यादित असते, कारण हे जीवनसत्त्व मेदात विरघळणारे आणि बऱ्यापैकी उष्णता सोसणारे आहे. तेवढ्यासाठी प्रमाणित घट-गुणक पुरेसे होतात.

माहिती कशी गोळा करावी

देशाच्या अन्नपुरवठ्याचे ताळेबंद किंवा कुटुंबाच्या खर्चाची सर्वेक्षणे सहज उपलब्ध असतात आणि प्राथमिक अंदाजासाठी ती उपयोगी पडतात. परंतु घरात आलेला मासा नेमका कोणी खाल्ला हे त्यांतून कळत नाही आणि लहान मूल, गर्भवती, वृद्ध यांचे वेगवेगळे चित्र उभे राहत नाही. यासाठी व्यक्तिगत आहाराचे सर्वेक्षण लागते. मागील चोवीस तासांत काय खाल्ले याची सविस्तर मुलाखत हा आज सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अशा दोन मुलाखती घेतल्या जातात आणि दुसरी मुलाखत काही दिवसांच्या अंतराने होते. हे अंतर महत्त्वाचे आहे, कारण लागोपाठच्या दोन दिवसांचे जेवण एकमेकांवर अवलंबून असते. दुसरी मुलाखत सर्वांची घेणे शक्य नसेल तर नमुन्यातील एका भागाची तरी घ्यावी. तिच्याविना पुढे सांगितलेली दुरुस्ती करता येत नाही.

ड जीवनसत्त्वासाठी या मुलाखतीला एक छोटी पुरवणी जोडावी. गेल्या काही महिन्यांत तेलकट मासे, यकृत, अंडी आणि फोर्टिफाइड पदार्थ किती वेळा खाल्ले, एवढाच तिचा विषय असावा. जो माणूस मासे कधीच खात नाही आणि जो खातो पण मुलाखतीच्या दिवशी त्याने खाल्ले नाहीत, हे दोघे केवळ मुलाखतीवरून सारखेच दिसतात. ही पुरवणी त्यांना वेगळे करते.

मुलाखतीत ‘दूध’ एवढेच लिहून घेऊ नये. समजा बाजारातील निम्मे दूध फोर्टिफाइड आहे, त्याच्या शंभर मिलिलिटरमध्ये १ मायक्रोग्रॅम आहे, आणि माणसे दिवसाला ४०० मिलिलिटर दूध पितात. कोणते दूध हे न विचारता सगळ्या दुधाला एकच सरासरी आकडा लावला तर प्रत्येकाच्या नावे २ मायक्रोग्रॅम जमा होतात. प्रत्यक्षात अर्ध्या लोकांना ४ मिळतात आणि अर्ध्यांना जवळजवळ काहीच मिळत नाही. देशाची सरासरी बरोबर आली, पण ज्यांच्यासाठी हे सर्वेक्षण करायचे, ती वंचित माणसे आकड्यांतून नाहीशी झाली. म्हणून ब्रँड, पाकिटाचा प्रकार आणि शक्य असल्यास पाकिटाचे छायाचित्र घ्यावे.

मुलाखती वर्षभर आणि आठवड्याच्या सर्व वारांना विभागून घ्याव्यात. लोक जे खातात त्यापेक्षा कमी सांगतात, हे अशा सर्वेक्षणांत वारंवार दिसून आले आहे. त्यामुळे सांगितलेली एकूण ऊर्जा त्या व्यक्तीच्या वजन-वयाला शक्य आहे का हे पडताळावे, मात्र संशयित नोंदी सरसकट काढून टाकू नयेत. त्या ठेवून आणि वगळून अशी दोन्ही उत्तरे काढून पाहावीत.

नमुना निवडताना घरांची यादी वापरली जाते आणि त्यामुळे वृद्धाश्रम, रुग्णालये व इतर संस्थांत राहणारी माणसे आपोआप सुटतात. हीच माणसे उन्हात सर्वांत कमी जातात आणि अन्नातील ड जीवनसत्त्वावर सर्वांत जास्त अवलंबून असतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र, लहान का होईना, पण नमुना घ्यावा असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. अंगावर पिणाऱ्या बाळांचाही विचार वेगळा करावा लागतो, कारण आईच्या दुधात हे जीवनसत्त्व फार थोडे असते आणि अनेक देशांत त्यांना थेंबांच्या रूपात ते देण्याची शिफारस असते. त्यांच्या बाबतीत केवळ अन्नाचा आकडा काढण्याला फारसा अर्थ उरत नाही.

एका दिवसाच्या आकड्यावरून नेहमीच्या सेवनाकडे

सात माणसे घेऊ. प्रत्येक जण रोज २ मायक्रोग्रॅम मिळवतो आणि आठवड्यातून एकदा दीडशे ग्रॅम असा मासा खातो, ज्याच्या शंभर ग्रॅममध्ये ८ मायक्रोग्रॅम आहेत. त्या दिवशी त्याला २ अधिक १२ म्हणजे १४ मायक्रोग्रॅम मिळतात आणि आठवड्याची सरासरी दिवसाला सुमारे ३.७ पडते. आता या सातही जणांना एकाच दिवसाबद्दल विचारले आणि त्यांचे मासे खाण्याचे वार वेगवेगळे असले, तर सहा जण २ वर दिसतील आणि एक जण १४ वर. दहा मायक्रोग्रॅमची रेषा आखली तर सातातील एकाला पुरेसे मिळते असा निष्कर्ष निघेल. वास्तवात सातांपैकी कोणालाही तेवढे मिळत नाही आणि सातही जणांची स्थिती अगदी सारखी आहे.

दिवसादिवसांतील हा फरक वेगळा काढून माणसामाणसांतील खरा फरक तेवढा शिल्लक ठेवणे, हे या टप्प्याचे काम. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या पद्धतीत ते दोन भागांत केले जाते: एखाद्या दिवशी तो पदार्थ खाल्ला जाण्याची शक्यता किती, आणि खाल्ला तर प्रमाण किती. युरोपात यासाठी ‘एमएसएम’ आणि ‘स्पेड’ ही संख्याशास्त्रीय संगणक-साधने वापरात आहेत. कोणतेही साधन निवडले तरी सर्वेक्षणाचे भारांक (नमुन्यातील एक व्यक्ती देशातील किती लोकांच्या जागी आहे ते दाखवणारे आकडे) त्यात योग्य रीतीने घालावेत आणि खाण्याच्या वारंवारतेची पुरवणी माहिती म्हणून जोडावी. वितरण उजवीकडे लांब शेपूट असलेले येईल, म्हणून सरासरीसोबत मध्यक आणि ५ वे, २५ वे, ७५ वे व ९५ वे शतमक द्यावेत (५ वे शतमक म्हणजे ज्याच्याखाली ५ टक्के लोक येतात ते प्रमाण). ड जीवनसत्त्वाच्या अहवालात एकटी सरासरी देऊ नये.

कोणत्या मोजपट्टीशी तुलना करावी

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ मध्ये प्रौढांसाठी अंदाजित सरासरी गरज, म्हणजे निम्म्या लोकांची गरज ज्यात भागते ते प्रमाण, १० मायक्रोग्रॅम ठरवली आणि शिफारस केलेले दैनिक प्रमाण सत्तर वर्षांपर्यंत १५ व त्यापुढे २० मायक्रोग्रॅम ठरवले. ब्रिटनच्या वैज्ञानिक सल्लागार समितीने २०१६ मध्ये १० मायक्रोग्रॅमची शिफारस केली, तर युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याच वर्षी १५ मायक्रोग्रॅम हे ‘पुरेसे सेवन’ म्हणून मांडले. हे आकडे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. किती टक्के लोकांचे सेवन अपुरे आहे हे काढायचे असेल तर अंदाजित सरासरी गरजच वापरावी आणि तिच्याखाली असलेल्यांचे प्रमाण मोजावे. शिफारस केलेले प्रमाण जवळजवळ प्रत्येकाची गरज भागेल असे मुद्दाम वर ठेवलेले असते, त्यामुळे त्याच्याखाली असलेल्या प्रत्येकाला अपुऱ्यांत मोजले तर चित्र अकारण भीषण होते. ‘पुरेसे सेवन’ या मोजपट्टीवरून तर अपुऱ्यांची टक्केवारी काढताच येत नाही; गटाचे सेवन तिच्या वर असेल तर काळजीचे कारण कमी, एवढेच म्हणता येते.

हे सर्व आकडे त्वचेला ऊन अत्यल्प मिळते असे गृहीत धरून ठरवलेले आहेत, हे अहवालात ठळकपणे लिहावे. अमेरिकेचेच उदाहरण पाहावे. २०१३ ते २०१६ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार एक वर्षावरील ९४ टक्के लोकांना अन्न व पेयांतून १० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी ड जीवनसत्त्व मिळत होते. परंतु २०११ ते २०१४ च्या रक्ततपासण्यांत लिटरमागे ३० नॅनोमोलपेक्षा कमी, म्हणजे कमतरतेची, पातळी असलेले लोक सुमारे ५ टक्के होते आणि ३० ते ४९ च्या दरम्यान सुमारे १८ टक्के होते. ९४ आणि ५ यांतील अंतर ऊन, सप्लिमेंट आणि सेवन कमी सांगण्याची सवय यांनी भरून निघते. ‘देशातील ९४ टक्के लोकांना ड जीवनसत्त्वाची कमतरता’ असा मथळा आहाराच्या सर्वेक्षणावरून देणे चूक आहे, आणि सर्वेक्षण करणाऱ्यांनी आपल्या सारांशातच त्याला वाव ठेवू नये. शक्य असेल तर त्याच नमुन्यातील काही लोकांचे रक्तही तपासावे. त्या तपासण्या प्रयोगशाळेनुसार बदलतात, म्हणून प्रमाणीकरण केलेली पद्धत वापरावी, आणि मिलिलिटरमागे नॅनोग्रॅममध्ये आलेले आकडे अडीचने गुणून लिटरमागे नॅनोमोलमध्ये आणावेत.

आकड्यांचा उपयोग धोरणासाठी

सेवनाचे वितरण हाती आले की निरनिराळे पर्याय कागदावर तपासता येतात: दुधात अमुक प्रमाण मिसळले तर ५ वे शतमक किती सरकेल, तेच तेलात मिसळले तर किती, आणि दोन्हींत थोडे थोडे मिसळले तर काय होईल. एकाच पदार्थात भरपूर मिसळले तर तो पदार्थ आवडीने खाणाऱ्यांचे सेवन वाढते आणि न खाणारे होते तिथेच राहतात. म्हणून माझा कल अनेक पदार्थांत मर्यादित प्रमाण मिसळण्याकडे आहे. प्रत्येक पर्यायात वरचे टोकही पाहावे. प्रौढांसाठी सहन होणारी कमाल मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम मानली जाते आणि लहान मुलांसाठी ती याहून कमी असते. या टप्प्यावर सप्लिमेंटचा रकाना पुन्हा जोडावा, कारण वरचे टोक बहुधा अन्न आणि गोळ्या एकत्र आल्यानेच गाठले जाते. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये दुधाची भुकटी, बाळांचे धान्यपदार्थ आणि कॉड माशाचे तेल या तिन्हींतून एकाच बाळाला ड जीवनसत्त्व मिळत होते. बाळांच्या रक्तात कॅल्शियम वाढण्याचे प्रकार दिसल्यानंतर मिसळण्याचे प्रमाण घटवावे लागले. प्रत्येक पदार्थ वेगळा पाहिला तर निर्दोष होता, बेरीज मात्र कोणी पाहिली नव्हती.

फिनलंडने द्रवरूप दूध आणि पावावर लावायच्या मेदपदार्थांत ड जीवनसत्त्व पद्धतशीरपणे मिसळण्यास २००३ पासून सुरुवात केली आणि २०१० मध्ये ते प्रमाण दुप्पट केले: दुधाच्या शंभर ग्रॅममागे १ मायक्रोग्रॅम आणि मेदपदार्थांच्या शंभर ग्रॅममागे २०. तिथल्या प्रौढांच्या रक्तातील सरासरी पातळी २००० साली लिटरमागे ४८ नॅनोमोल होती, ती २०११ मध्ये ६५ झाली. हा बदल विश्वासाने सांगता आला, कारण बदलाच्या आधीचे आणि नंतरचे मोजमाप एकमेकांशी जुळवून घेतलेले होते.

आपल्याही सर्वेक्षणाची पुढची फेरी कधीतरी दुसरे कोणी करणार आहे. त्यासाठी वापरलेल्या अन्नघटक तक्त्याची जशीच्या तशी प्रत, २५-हायड्रॉक्सी रूपाचा गुणक, रिकाम्या जागांवरील प्रत्येक निर्णय, उसन्या आकड्यांची यादी आणि फोर्टिफाइड पदार्थांच्या तपासणीच्या तारखा हे सर्व अहवालासोबत जपून ठेवावे. पुढच्या फेरीत सेवन वाढलेले दिसले, तर जुन्या मुलाखती नव्या तक्त्यावर आणि नव्या मुलाखती जुन्या तक्त्यावर चालवून पाहाव्यात. म्हणजे लोकांचे खाणे बदलले की केवळ तक्ता बदलला, हे स्पष्ट होईल.